घरजावयाची आंघोळ

चिमणीने आयुष्यातलं पहिलं पाऊल टाकलं ते थेट आजोबांच्या जेवणाच्या डब्यात, त्या वर्षीची ही गोष्ट. डबा उघडा होता आणि भाजी गार झालेली होती, हे पोरीचं नशीब. आजोबांनी तिचा पाय उचलला, पुसला आणि उरलेली भाजी तशीच खायला बसले. बायको म्हणाली, "अहो, थांबा ना, दुसरं काहीतरी देते."

"राहू दे," आजोबा म्हणाले. "आज कुठे जरा चव आली आहे."

हे आजोबा म्हणजे वीज केंद्रातले बॉयलरचे फोरमन. सगळं गाव त्यांना धुरंधर म्हणायचं. मोठ्या कर्तबगार माणसाला धुरंधर म्हणतात हे खरं, पण यांना ते नाव धुरामुळे पडलं होतं. अंगाला धुराचा वास, कपड्यांना धुराचा वास. बायकोची तर तक्रार होती की लग्नातला फोटो अजून खोकतो. नातीचं चिमणी हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. घरात एक चिमणी, केंद्रात एक चिमणी. दोन्ही दिवसभर काही ना काही ओकत असायच्या आणि धुरंधरांना दोघींचंही सारखंच कौतुक.

गाव कोळशाचं. दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत पुन्हा मळायचे. खिडकीच्या कडेवर बोट फिरवलं की बोटाला काजळ. त्यामुळे त्या गावात कोळशाच्या खालोखाल कशाचा खप असेल तर तो साबणाचा. आणि माणसांना सवय अशी जडली होती की नवी वस्तू घरात आली रे आली की आधी तिला साबण लावायचा. खुर्ची आणली, धुतली. सायकल आणली, धुतली. केंद्राच्या कँटीनवाल्याने तर नवाकोरा रेडिओ साबणाने धुतला होता. रेडिओ काही पुन्हा बोलला नाही, पण कँटीनवाल्याचं नाव रेडिओ पडलं ते पडलंच. शिवाय ते त्याला शोभतही होतं, कारण कँटीनमध्ये एका टेबलावर बोललेलं तो दुसऱ्या टेबलावर चहाबरोबर पोचवायचा. वाटेत थोडी साखरही घालायचा.

तर त्या वर्षी वरून हुकूम आला. धूर आवरा, नाहीतर भट्टी विझवा.

हुकूम ऐकून गाव हिशेब मांडायला लागलं. भट्टी विझली म्हणजे खाण बंद, खाण बंद म्हणजे दुकानं बंद, आणि दुकानं बंद म्हणजे मग राहिलं काय? धुरंधरांना स्वतःची काळजी नव्हती. त्यांचं वय झालं होतं. काळजी वेगळीच होती. त्यांचा जावई केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला होता. भट्टी विझली असती तर तो दूर कुठल्यातरी शहरात गेला असता, त्याच्याबरोबर लेक गेली असती, आणि लेकीच्या कडेवर बसून चिमणी गेली असती. मग डब्यात पाय कोण घालणार?

लेक आणि जावई धुरंधरांच्याच घरी राहत होते. घर मोठं होतं, म्हातारा-म्हातारी दोघंच होती, सोय म्हणून राहत होते. लोक जावयाला तोंडावर जावईबापू म्हणायचे आणि पाठीमागे घरजावई. जावईबापू स्वभावाने इतका गरीब की पाठीमागे म्हटलेलंही त्याने मान वळवून ऐकलं नसतं. पण त्याची आई तशी नव्हती.

आणि नेमकी तीच आली.

म्हणजे झालं असं, की धूर आवरण्यासाठी एक कंपनी नेमली गेली आणि त्या कंपनीने या कामाची मुख्य इंजिनिअर म्हणून जी बाई पाठवली, ती धुरंधरांची सख्खी विहीण निघाली. बाईंचं सगळं आयुष्य तेलाच्या विहिरी खणण्यात गेलेलं. उंचीने कमी, आवाजाने जास्त. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट जेवतानाही काढायच्या नाहीत. व्याह्यांच्या घरी उतरायला त्यांनी साफ नकार दिला. "लेक तिथे राहतो तेवढं पुरे," म्हणाल्या, आणि गेस्ट हाऊसमध्ये उतरल्या.

पहिल्याच दिवशी दोघांची गाठ बॉयलरसमोर पडली.

"बोला विहीणबाई," धुरंधर म्हणाले. "आमच्या धुराचं काय करायचं म्हणता?"

"जिरवायचा."

"कुठे?"

"जमिनीत. दोन किलोमीटर खाली. खाली खारट पाण्याने भरलेला भुसभुशीत खडक आहे आणि त्यावर चिकणमातीच्या दगडाचं झाकण आहे. धुरातला जो वाईट वायू आहे, तेवढा वेगळा काढायचा, दाबायचा आणि त्या झाकणाखाली सोडून द्यायचा. जमिनीत पाणी मुरतं ना, तसा तो मुरतो."

"आजवर पुष्कळांनी आमची जिरवायचा प्रयत्न केला, बाई."

"त्यांच्याकडे ड्रिल नव्हतं," विहीणबाई म्हणाल्या.

धुरंधरांना हसू आलं, पण व्याह्याने विहिणीच्या विनोदाला हसायचं नसतं असं त्यांना वाटलं, म्हणून खोकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "म्हणजे कोळसा जाळायचाच, पण चोरून?"

"चोरून नाही. केलेलं निस्तरून. आणि हे काही कायमचं नाही हो. दुसरी वीज उभी राहीपर्यंत वेळ मिळतो, एवढंच. तेवढ्यात तुमची नात मोठी होईल."

"आपली नात," धुरंधर म्हणाले.

"तेच म्हणाले मी."

काम सुरू झालं. बॉयलरच्या शेजारी एक मनोरा उभा राहिला, स्टीलचा, चकचकीत, आत पत्र्याच्या जाळ्यांचे थरावर थर. खालून धूर सोडायचा, वरून एक औषधी पाणी पाऊस पडल्यासारखं सोडायचं. धुरातला वायू त्या पाण्याला चिकटतो. मग ते पाणी वाफेने तापवायचं की वायू सुटा होतो. तो नळातून गावाच्या कडेकडेने, त्यासाठी खणलेल्या दोन किलोमीटर खोल विहिरीपर्यंत न्यायचा आणि खाली दाबायचा. जावईबापूंनी रात्री जेवताना हे सगळं वाट्या आणि चमचे मांडून समजावलं. धुरंधर सगळं नीट ऐकून घेत होते. फक्त एका ठिकाणी त्यांचा घास हातात राहिला.

"वाफेने तापवायचं? कोणाच्या वाफेने?"

"आपल्याच. बॉयलरच्या."

"किती वाफ खाणार हा मनोरा?"

जावईबापूंनी जरा चाचरत सांगितलं. ऐकून धुरंधरांनी ताट बाजूला सारलं. ज्या वाफेसाठी त्यांनी जन्मभर कोळसा फोडला, तिचा मोठा थोरला हिस्सा हा नवा पाहुणा बसल्या जागी गट्ट करणार होता.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी पोटातलं ओठावर आणलं. "घरजावई आहे नुसता! आमच्याच दारात उभा, आमचंच खाणार, वर चकचकीत राहणार. काम काय, तर आमचा धूर हुंगायचा!"

सगळी पाळी खो खो हसली. त्या दिवसापासून मनोऱ्याचं नाव घरजावई पडलं. फिटर म्हणायचे, घरजावयाचा व्हॉल्व्ह बसवला. वेल्डर म्हणायचे, घरजावयाच्या कमरेला जोड मारायचा राहिलाय.

धुरंधर बोलले तेव्हा रेडिओ तिथेच कपबशा गोळा करत होता. पुढच्या टेबलावर विहीणबाई बसल्या होत्या. तो त्यांच्याकडे गेला, चहा ठेवला आणि हळूच म्हणाला, "बाई, मी काही म्हणत नाही. पण फोरमनसाहेब आत्ता सगळ्यांसमोर म्हणाले, घरजावई आमचंच खातो आणि काम काही करत नाही."

मनोऱ्याचा उल्लेख रेडिओने गाळला. मुद्दाम गाळला असं नाही. बातमी लहान असली की लवकर पोचते, एवढंच त्याला कळत होतं.

विहीणबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. एकुलता एक मुलगा, त्याला भर कँटीनमध्ये बोल लावला! पण बाई रडारड करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या उठल्या, बॉयलरपाशी गेल्या आणि सगळ्या पाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "व्याहीबुवा, परवा तपासणीची समिती येते आहे. माझ्या मनोऱ्यात तुमच्या बॉयलरची काजळी उडून गेली आहे. काळ्या हातांच्या शेजारी राहायचं म्हणजे हे व्हायचंच. जमलं तर तुमच्या माणसांकडून साफ करून घ्या. पण जमलं तर हं. स्वच्छता म्हणजे काय हे माहीत असेल तर."

धुरंधरांना कारण कळलं नाही. घाव मात्र बसला. त्या गावात कोणाला चोर म्हटलं तर तो पुरावा मागेल, पण मळकट म्हटलं तर तो हातघाईवर येईल. त्यांनी आपली माणसं गोळा केली.

"ऐकलंत ना? घरजावयाला आंघोळ घाला. अशी घाला की बाईंना त्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे!"

"साबण लावून?" एकाने विचारलं.

"मग काय नुसतं पाणी शिंपडणार? आपल्या घरी कोणी तसं करतं का?"

झालं. कामगारांच्या न्हाणीघरातली पातळ साबणाची पिंपंच्या पिंपं निघाली. पहिल्या पाळीने मनोऱ्याच्या झाकणातून आत उतरून एकेक जाळी घासली. दुसरी पाळी आली. तिला वाटलं, पहिल्या पाळीने वरवर उरकलंय, यांना काय येतंय! तिने पुन्हा साबण लावला. तिसऱ्या पाळीला दुसरीबद्दल तेच वाटलं. साबण प्रत्येकाने लावला. खळबळून काढणं मात्र कोणाच्याच वाट्याला आलं नाही. ते आपलं पुढची पाळी करेल, असं ज्याला त्याला वाटलं. तिसऱ्या पाळीचा भोंगा झाला, झाकण बंद झालं आणि आत साबण वाळून बसला.

समिती आली. अध्यक्ष उंच, सडसडीत, आणि चेहरा असा की नुकतंच कोणीतरी धरून एरंडेल पाजलं असावं. रेडिओने त्यांना चहा दिला, परत येईपर्यंत त्यांचं नाव एरंडेलसाहेब ठेवलं आणि दुपारच्या आत ते गावभर झालं. साहेब कमी बोलत. बोलले ते एवढंच: "आज चाचणी नीट झाली तर पुढे. नाही झाली तर संध्याकाळी जाताना मी भट्टी बंद करण्याची शिफारस करून जाईन."

धुरंधरांनी मान डोलावली. पलीकडे कुंपणाच्या भिंतीमागे पाळणाघर होतं. तिथून चिमणीचं ओरडणं ऐकू येत होतं. कोणाचं तरी काहीतरी ती हिसकावून घेत असावी.

चाचणी साधी होती. औषधी पाणी नंतर यायचं होतं. आज नुसतं पाणी आणि हवा. मनोऱ्यात वरून पाणी सोडायचं आणि खालून पंख्याने हवा मारायची. विहिरीकडे जाणाऱ्या नळातही हवा दाबून भरून ठेवायची आणि दाबमापकाची सुई खाली येते का ते बघायचं. विहीणबाईंनी हात वर केला. कंट्रोल रूमच्या काचेतून जावईबापूंनी आईचा हात पाहिला आणि बटण दाबलं.

पंखा घुमला. पाणी चढलं. सगळे माना वर करून बघत राहिले. थोडा वेळ काही नाही. मग मनोऱ्याच्या टोकावर एक पांढरी टोपी आली.

"हे काय?" एरंडेलसाहेब म्हणाले.

"वाफ असेल," धुरंधर म्हणाले.

"आज वाफ नाही," विहीणबाई म्हणाल्या.

टोपीचा फेटा झाला, फेट्याची गादी झाली, आणि ती गादी मनोऱ्याच्या अंगावरून लडबडत खाली यायला लागली. फेस! साबणाचा फेस! नुसता फसफसून वर येतोय आणि खाली घरंगळतोय. वाऱ्याची झुळूक आली तसे त्याचे गठ्ठे सुटले आणि कोळशाच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसले. समितीची मोटार बघता बघता दिसेनाशी झाली. ड्रायव्हर हात पुढे करून ती चाचपत फिरायला लागला. एक काळं कुत्रं फेसात शिरलं आणि पांढरं होऊन बाहेर आलं. त्याला बघून त्याचीच भावंडं त्याच्यावर भुंकायला लागली.

"बंद कर! पंखा बंद कर!" विहीणबाईंनी हात हलवले. पण कंट्रोल रूमच्या काचेवर फेसाचा पडदा बसला होता. जावईबापूंना आईचे हात हलताना अंधूक दिसले. त्यांना वाटलं, आई शाबासकी देतेय. त्यांनीही आनंदाने हात हलवला. शेवटी एक फिटर पळत वर गेला तेव्हा कुठे पंखा थांबला.

तोवर फेस उतारावरून वस्तीत शिरला होता. त्या गावातली छपरं कोणी जन्मात पांढरी पाहिली नव्हती. माणसं दारात येऊन आ वासून बघत होती. मग एक बाई भानावर आली. "अगं, बघत काय बसलीस? आयता साबण आलाय, चादरी काढ!" झालं, घराघरातून चादरी, पडदे, पायपुसणी बाहेर आली. एका म्हाताऱ्याने खुर्ची रस्त्यात मांडली, गालाला फेस फासला आणि नातवाला म्हणाला, "जा रे, वस्तरा आण." पाळणाघरातल्या बाईंनी मुलं खिडकीशी उभी केली, तर चिमणीने हात बाहेर काढून मूठभर फेस घेतला, चाटला आणि असं तोंड केलं की अध्यक्षांची सख्खी नात शोभावी.

इकडे विहीणबाईंनी बोटावर फेस घेतला, हुंगला आणि धुरंधरांकडे वळल्या. "हा न्हाणीघरातला साबण आहे."

"आहे," धुरंधर म्हणाले. लपवायचं कसं, हातालाही तोच वास होता. "आंघोळ घातली. तुम्हीच म्हणालात, साफ करा."

"साफ करा म्हटलं होतं! लग्नाला उभा करा नव्हतं म्हटलं!"

"खळबळायचं राहिलं असेल."

"राहिलं असेल? अहो, संध्याकाळी साहेब निघणार! मनोऱ्यात गळ्यापर्यंत फेस आहे. पाणी खाली उतरतच नाही. चाचणी होणार कशी?" बाईंनी चारी दिशांना बघितलं आणि मग विहीर खणताना ओरडायच्या त्या आवाजात ओरडल्या, "एरंडेल! एरंडेल आणा! लवकर!"

तेलाने फेस बसतो, हे त्यांना म्हणायचं होतं. पण गावाला दुपारपासून एकच एरंडेल माहीत होतं. दोन मदतनीस धावले. त्यांच्या पुढे रेडिओ. फेसातून चाचपडत त्यांनी अध्यक्षांना शोधून काढलं, दोन्ही बगलांत हात घातले आणि उचलून विहीणबाईंसमोर आणून उभं केलं.

"हे घ्या, आणलं," रेडिओ धापा टाकत म्हणाला.

"मला कशाला आणलंत?" अध्यक्ष म्हणाले.

विहीणबाईंना काही कळेना. "अरे, तेल! प्यायचं तेल!"

"साहेबांनी प्यायचं?"

"मनोऱ्याने!"

मग उजेड पडला आणि धावाधाव झाली. औषधाच्या दुकानातलं एरंडेल संपलं. घराघरातून बाटल्या निघाल्या, अर्ध्या, पाव, बूच चिकटलेल्या. पोरंटोरं तर इतक्या आनंदाने बाटल्या आणून देत होती की विचारू नका. घरात थेंबभरही उरू नये म्हणून त्यांनी फळ्या झाडून शोधल्या. जावईबापू शिडीवर चढून एकेक बाटली वरच्या टाकीत रिकामी करत होते आणि पंप ते तेल मनोऱ्यात फिरवत होता. हळूहळू आत सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. फेस बसायला लागला.

या गडबडीत अध्यक्ष कुठे गेले, कोणाच्या लक्षात आलं नाही. ते मोटार शोधत निघाले होते. पाळणाघराच्या मागे जमीन खोलगट होती, तिथे त्यांचा पाय घसरला आणि ते बसले ते छातीपर्यंत फेसात. समोरून नळ जात होता, विहिरीकडे जाणारा. त्यावरही फेस साचला होता. साहेब हात टेकून उठायला गेले आणि तसेच थांबले.

नळाच्या जोडावर एक फुगा आला. मोठा झाला. सुटला. त्याच जागी दुसरा आला.

थोड्या वेळाने लोकांना तिकडून हसणं ऐकू आलं. एरंडेलसाहेब हसत होते. असं हसणं, की पोट धरून, डोळ्यांतून पाणी. "फुगे!" ते ओरडले. "बाई, इकडे या! फुगे!"

"गेलं डोकं," रेडिओ म्हणाला. "आता शिफारस कोण करणार?"

विहीणबाई धावल्या, मागून धुरंधर. साहेबांनी जोडाकडे बोट दाखवलं. "तरुणपणी मी गॅसच्या कारखान्यात होतो. हेच काम. एका हातात साबणाचं पाणी, दुसऱ्या हातात ब्रश. जोडाला साबण लावायचा आणि बघत बसायचं. फुगा आला की गळती! किती वर्षांत फुगा पाहिला नाही हो मी!"

विहीणबाई गुडघ्यांवर बसल्या. नळात दाबून ठेवलेली हवा जोडातून बारीक बारीक सुटत होती. इतकी बारीक, की सुई संध्याकाळपर्यंत हललीही नसती. चाचणी पास झाली असती, आणि पुढे याच जोडातून खरा वायू गेला असता. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं?" धुरंधरांनी विचारलं.

"हा वायू हवेपेक्षा जड असतो, व्याहीबुवा. दिसत नाही, वास नाही. सखल जागी साचून राहतो आणि तिथे असेल त्याचा श्वास कोंडतो." त्यांनी पाळणाघराच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे मुलं टाळ्या वाजवत होती.

 धुरंधरांनी अंगठा त्या जोडावर दाबून धरला. जणू तेवढ्याने भागणार होतं. मग उठून त्यांनी फिटरला हाक मारली. 

जोड उघडला. आतली गॅस्केट, म्हणजे दोन नळांमधली चकती, तिरकी बसली होती. नवी घातली. अध्यक्ष उठून उभे राहिले. नखशिखांत फेस, भुवयासुद्धा पांढऱ्या. "जोड नीट झाला. पण मी असा सोडणार नाही," ते म्हणाले. "एक गळला, दुसरा गळत नसेल कशावरून? विहिरीपर्यंतचा सगळा नळ साबणाने धुऊन दाखवा. एकही फुगा आला नाही, तरच पास."

"सगळा नळ?" विहीणबाई म्हणाल्या. "संध्याकाळच्या आत? एवढी माणसं कुठून आणू?"

हे त्यांनी कुठे विचारलं, तर त्या गावात! रेडिओने तोंडाचा कर्णा केला. "ए ऽ ऽ! नळ धुवायचाय! साबण लावून!"

सांगायची खोटी की गाव बादल्या घेऊन धावलं. खाणीतले, भट्टीतले, दुकानदार, मास्तर, चादरी धुणाऱ्या बाया, अर्धी दाढी झालेला तो म्हातारा. ज्याच्या हाती ब्रश त्याने ब्रश, नाही त्याने जुना बनियन. नळावर माणसं अशी बसली जशा तारेवर चिमण्या. एकाने घासायचं, दुसऱ्याने नाक लावून बघायचं. "माझ्याकडे फुगा!" "हट्, ती तुझीच लाळ आहे!" जो जोड कोरा निघायचा तिथे आरोळी व्हायची. विहिरीच्या अलीकडे खरोखर आणखी एक फुगा सापडला. ज्या पोरसवद्या वेल्डरला तो सापडला त्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. मग कळलं की तो जोड त्यानेच मारला होता, तेव्हा खाली ठेवलं आणि तोच जोड पुन्हा नीट मारायला लावला.

धुरंधर आणि विहीणबाई एकाच जोडाला दोन बाजूंनी साबण लावत होते.  मग बाई म्हणाल्या, "माझ्या लेकाला भर कँटीनमध्ये घरजावई म्हणालात."

धुरंधरांचा हात थांबला. "तुमच्या लेकाला? मी?"

"आमचंच खातो आणि काम करत नाही, म्हणालात."

"अहो बाई, ते मी या मनोऱ्याला म्हणालो! माझी सगळी वाफ खातो म्हणून! सगळी पाळी त्याला घरजावई म्हणते. विचारा कोणालाही!"

विहीणबाई आधी बघत राहिल्या. मग त्यांना असं हसू फुटलं की डोक्यावरचं पिवळं हेल्मेट सुटून बादलीत पडलं. गावाने त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे केस पाहिले.

"म्हणजे मी उगीच तुम्हाला मळकट म्हटलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आणि तुम्ही उगीच..."

"उगीच कसं? बरं झालं की."

"मग माझ्या लेकाला काय म्हणता तुम्ही?"

धुरंधर जोड घासत राहिले. "त्याला काय म्हणणार? भट्टी विझली तर तो जाईल, म्हणून रात्रभर झोप लागत नाही मला. हे त्याला सांगू नका."

"सांगते की," बाई म्हणाल्या. "आजच सांगते."

ऊन कलताना शेवटचा जोड धुऊन झाला. फुगा नाही. तेवढ्यात मनोऱ्यातलं पाणीही खळखळ वाहायला लागलं. अध्यक्षांनी दोन्ही पाहिलं, ओल्या हाताने सही केली आणि मोटारीत बसले. मोटार कधी नव्हे इतकी चकचकीत झाली होती. जाताना त्यांनी काच खाली करून विचारलं, "मला एरंडेल म्हणता का हो तुम्ही?"

 रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला.

"नाही, छान आहे," साहेब म्हणाले. "घरी मला याहून वाईट म्हणतात."

पुढे आठवडाभर घरजावयाला नुसत्या पाण्याने खळबळून काढलं. खळबळायला धुरंधर स्वतः उभे राहिले. मग औषधी पाणी आलं, धूर आत सोडला आणि एका सकाळी पहिला वायू विहिरीत उतरला. धुरंधरांनी विहिरीच्या तोंडाच्या लोखंडाला कान लावला.

"काय ऐकू येतंय?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग जिरला."

त्या दिवशी बाई गेस्ट हाऊस सोडून व्याह्यांच्या घरी राहायला आल्या. तिथे पोचताच त्यांच्या सुटकेसला साबण लावला गेला, हे सांगायला नकोच.

भट्टी आणखी पुष्कळ वर्षं चालली. दुसरी वीज उभी राहिली तेव्हा ती ठरवून, हळूहळू थंड केली आणि खाणीतल्या माणसांना नवं काम शिकायला वेळ मिळाला. सगळ्यांनाच तो पुरला नाही. काही घरं गाव सोडून गेलीच. खाली जिरलेला वायू खालीच आहे. दर वर्षी कोणीतरी येऊन मोजून जातं, आणि जोडांना साबण लावायचं काम अजून गावाकडेच आहे. लेक आणि जावईबापू त्याच घरात राहिले.

चिमणी नववीत असताना मे महिन्यात विहीणबाई वारल्या. धुरंधर त्यानंतर चार वर्षांनी, भट्टी थंड झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, जानेवारीच्या एका गुरुवारी सकाळी घरीच गेले.